पार्सल घेणारे दादा

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. वडील भात-नाचणी करणारे, आई अंगठा लावणारी, आणि मी बीकॉम होऊन आळेफाट्याला शीतगृहाच्या ऑफिसात कामाला. त्यामुळे फोनवरचं जे काही असेल ते मीच करायचं, आणि मी केलं म्हणजे बरोबरच असणार, असं आमच्याकडं धरून चालायचे. चालायचे म्हणजे दादाच, माझे वडील. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. ते शिनोलीच्या वरच्या वाडीत एकटे, मी फाट्यावर भाड्याच्या खोलीत एकटी. वाडीतली निम्मी घरं कुलपात आहेत. माणसं कामाला चाकणला, मंचरला गेली ती तिकडचीच झाली.

पंधरवड्यानं दादांचा फोन यायचा. "बाई, बॅटरीचं सेल संपलं." मग पुढच्या वेळी कपड्याचे चिमटे, मग डांबराच्या गोळ्या. मी माझ्या नावानं ॲपवर मागवायची, पैसे वस्तू हातात पडल्यावर रोख. पार्सल घेऊन यायचे ते घोडेगावचे, पन्नाशीचे गृहस्थ. आधी भीमाशंकरच्या रस्त्याला जीप चालवायचे. मोटरसायकल खाली लावून शेवटचा चढ पायी चढायचे. दादा त्यांना 'पावणं' म्हणायचे.

एकदा ते आले तेव्हा मी घरी होते. दादांनी खोकं घेतलं, त्यांना ओट्यावर बसवलं, चुलीवर चहा ठेवला. पैसे बंडीच्या खिशात तयार होते, पण देईनात.

"दादा, द्या की. अजून बारा ठिकानी जायचंय."

"पैसं दिलं की तुमी उठता. बसा."

"सावकार हाय का राव तुमी? वर चढून यायचं, आन वर अडकून पडायचं!"

"चहाला अडकून कोन मेलंय? पोरीचं काय झालं, सांगा."

मग पाहुण्यांच्या मुलीची गोष्ट निघाली. पिंपरी पेंढारचं स्थळ होतं, मुलगा पाहून गेला होता, निरोप अजून नव्हता. "त्ये लोक इचारच करत्यात अजून," पाहुणे म्हणाले. "पोरगी कंटाळून म्हातारी व्हायची." दादा मोठ्यानं हसले. आई गेल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं. तरी माझ्या डोक्यात एवढंच आलं, की पार्सल वेळेवर पोचलं.

पुढं त्या ॲपनं मला हळूहळू वळवलं. पैसे भरायच्या पानावर त्यांचं स्वतःचं वॉलेट सगळ्यात वर, ठसठशीत अक्षरात. रोख सगळ्यात खाली, फिकट, आणि त्यावर जादा आकार. वॉलेटमध्ये एकदा पैसे भरून ठेवले तर प्रत्येक वस्तू थोडी स्वस्त. मी कॉमर्सची. हिशोब केला, पैसे भरले, आणि स्वतःवर खूश झाले. दादांना सांगितलं, "आता पैसे द्यायची कटकट नाही."

"बरं," दादा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पावणं येनार ना पन?"

"येणार की."

आले नाहीत. पैसे आधीच मिळालेल्या पार्सलला माणूस भेटायची गरज नसते. पाहुणे ते खाली शिनोलीत रस्त्यावरच्या किराणा दुकानात ठेवायचे, आणि माझ्या फोनवर 'पोचलं' असं यायचं. मी ती हिरवी खूण बघून निवांत. दादांनी आणखी काही वस्तू मागितल्या, मग मागणंच बंद केलं. मला वाटलं, घरात सगळं झालं.

एका रविवारी गावी निघाले, तर दुकानदारानं हाक मारली. "ताई, तुमची चार खोकी पडल्यात हितं. दादांना दोनदा निरोप धाडला, तर म्हनले, असू द्या." खोक्यांवर एक लग्नपत्रिका ठेवली होती. पाकिटावर पेनानं लिहिलेलं: 'दादा, वरची वाडी. सहकुटुंब.' पार्सलवर नाव माझं असायचं. दादांचं नाव पाहुण्यांना कधी कळलंच नव्हतं.

तिथंच उभं राहून रोखीचा पर्याय शोधला. त्या पत्त्यासाठी तो आता उपलब्ध नव्हता. कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, वॉलेट ज्यादा आसान है."

"कोणाला?" मी विचारलं. तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

वर गेले. दादांनी खोक्यांकडं पाहिलंही नाही. पत्रिका हातात घेतली.

"कधी हाय?"

"झालं, दादा. मागच्या रविवारी."

"पिंपरी पेंढारचंच ना?"

"हो."

त्यांनी पाकिटावर बोट ठेवलं. "ह्ये काय लिवलंय?"

"सहकुटुंब."

"म्हंजी तू न् मी." मग म्हणाले, "आहेर धाड त्या फोनवरनं. पैसं भरून ठेवलेत म्हनली व्हतीस."

"त्यातून नाही जात कोणाला. त्यांच्याकडची वस्तूच घ्यावी लागते."

"आपलंच पैसं ना?"

"आपलेच."

त्यांनी पत्रिका देवाजवळ ठेवली. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. बँकेतून पाठवते म्हटलं, तर मान हलवली. "ऱ्हाऊ दे. हातानं द्यायचा असतो. उद्या जातो मी घोडेगावला. थांबतीस का?"

सोमवारी ऑफिस होतं. रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही. संध्याकाळच्या एसटीनं फाट्यावर परत आले.

मंगळवारी फोन केला. "जाऊन आलात?"

"आलो."

"भेटले?"

"कामावर व्हते. त्यांची मालकीण व्हती घरी. तिला वळख पटंना. म्हनली, कोन दादा?"

"मग?"

 

"म्हनलं, पार्सल घेनारा. आहेराचं पाकीट दिलं न् आलो." मग म्हणाले, "बाई, आता काय मागवू नको."