मी सुरतेत, अन् माझी सही गावच्या ठरावावर

भावांनो, आज ग्रामसभेतून आलो अन् लगेच हे लिहून राह्यलो.

सुरतच्या कारखान्यातून चार दिवसांच्या सुट्टीवर, मेहकरपासून पुढं जीपनं गावी आलो, म्हणून सभेत जाऊन बसलो. ग्रामसेवकानं मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. आमच्या गल्लीतला हातपंप काढून वरच्या आळीत न्यायचा ठराव, अन् अनुमोदक म्हणून माझं नाव! माय रोज त्याच पंपाचं पाणी भरते.

लोक नेहमीसारखे "मंजूर, मंजूर" म्हणाले. मी उठलो. "साहेब, त्या दिवशी मी सुरतले मशीनवर होतो!"

"ही काय तुमची सही," त्यानं वही पुढे केली.

वाकून पाहिलं. अक्षर माझ्या बाचं होतं.

बा शेजारीच होता. हळूच म्हणे, "कोरम भरायले, हजेरीच्या सह्या घ्यायले पंचायतीच्या शिपायानं वही घरी आणली होती बे. पान कोरंच होतं, ठराव काही लिहेल नव्हता. म्हटलं, पोरगं गावात नाही, नाव तरी राहू दे."

मले रागवताच येईना.

ग्रामसेवक म्हणे, जुनं पान खोडता येत नाही, दुरुस्ती आजच्या इतिवृत्तात लिहावी लागते. "सूचक तुम्ही. अनुमोदक कोण?"

कोणाचाच हात वर होईना. आमच्या गल्लीतले पण खाली पाहून राह्यले.

मग बा उठला. "लिहा माझं नाव. यावेळी माझंच."

दुरुस्ती लिहिली गेली, पंपाचा ठराव पुन्हा चर्चेले येणार.

बाहेरगावी राबणाऱ्यांनो, तुमच्या नावानं गावात कोण हो म्हणून राह्यलं, कधी पाहिलं का?