कोळसुंद्यांच्या सड्यावर

दिवाळी झाली आणि डॉक्टरांनी मला चार दिवसांची सुट्टी दिली. जयसिंगपूरच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. वर्षभर खल आणि बाटल्या यांच्यातच दिवस जाई, म्हणून सुट्टी मिळाली की पिशवीत घोंगडी टाकायची आणि डोंगर गाठायचा, एवढाच माझा शौक. सकाळच्या गाडीने कोल्हापूरला आलो, तिथून मोटारीने पन्हाळ्याला चढलो.

चहाच्या दुकानापुढे बिरूबा माझी वाट पाहत बसला होता. पन्नाशीचा धनगर. पश्चिमेकडच्या डोंगरातून तूप घेऊन बाजाराला येई, तिथेच आमची ओळख झालेली. कोळसुंदे (रानकुत्रे) दाखवतो, असे त्याने कबूल केले होते.

"गावतील का पण?" मी विचारले.

"ती गावत न्हाईत, पावणं. आपुन त्येंला गावायचं."

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताच निघालो. संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. पूर्वी या रानात शिकारीला मज्जाव असे, आता कुणाचा कुणाला धाक राहिला नव्हता, असे बिरूबा चालता चालता सांगत होता. सड्यावर (कातळाच्या पठारावर) चढलो तेव्हा धुके इतके दाट होते की पुढे चालणाऱ्या त्याच्या पाठीवरची घोंगडी तेवढी दिसे.

तेवढ्यात डावीकडून शीळ आली. लांब, एकसुरी, हलकी. थोड्या वेळाने तशीच एक उजवीकडून. मला वाटले, गुराखी असतील.

बिरूबा थांबला. "गुराखी न्हाईत. ती हाका मारत्यात एकमेकाला."

आम्ही त्या दोन शिळांच्या मधोमध उभे होतो. धुक्यात काही हलताना दिसले नाही. शिळा हळूहळू दूर गेल्या, तेव्हा कुठे आम्ही पुढे निघालो.

बिरूबाच्या घराच्या अलीकडे ओढ्याच्या काठी एक सांबर पडले होते. पोट खाऊन संपलेले, मांड्या शाबूत. कोळसुंद्यांनी आदल्या संध्याकाळी पाडलेले असणार. बिरूबाने वाकून नमस्कार केला, कोयत्याने एक मांडी सोडवली आणि बाकीचे होते तसे ठेवले.

"त्येंची शिकार हाय. एक वाटा आपुन न्ह्यायचा, बाकी त्येंला ठिवायचं. माझा बा बी असंच करायचा."

मांडीवर दोन चिरा होत्या, सरळ आणि खोल. मी म्हणालो, "या दातांच्या वाटत नाहीत."

"कुनीतरी आपल्या आदी यून ग्येलं आसंल," तो म्हणाला आणि मांडी खांद्यावर टाकली.

त्याच्या घरी त्याची बायको ठकूबाई, सून आणि सुनेचे तान्हे मूल, एवढीच माणसे. मुलगा खाली गावाला गेला होता. ठकूबाईने आम्हाला नाचणीची भाकरी आणि घट्ट ताक वाढले. मटण संध्याकाळला शिजवायला सांगून बिरूबा मला पलीकडच्या सड्याच्या टोकाला घेऊन निघाला. तिथल्या कपारीत कोळसुंद्यांची घरे होती.

दीड तास चाललो. ऊन पडले होते, पण त्या टोकावर एक पाखरू बोलत नव्हते. पहिले कोळसुंदे दिसले तेव्हा मला आनंद झाला. तांबूस अंग, झुपकेदार काळी शेपटी, गवतात आडवे. झोपलेले असावे, म्हणून मी पाऊल जपून टाकले. मग दुसरे दिसले, तिसरे. सात होती. सगळ्यांचे पाय काठीसारखे ताठ, मान मागे वळलेली, ओठ वर ओढले जाऊन दात दिसत होते. सातही जणू हसत होती.

त्यांतले एक अजून जिवंत होते. माझ्या बुटाखाली खडा वाजला आणि त्या एवढ्याशा आवाजाने त्याचे अंग कमानीसारखे ताणले गेले. मी हललोच नाही. ते सैल पडले. वरच्या कपारीवरून आठव्याने शीळ घातली, आणि ती ऐकून खालचे पुन्हा ताणले गेले. यावेळी ते सैल पडले नाही.

हे मी पूर्वी एकदा पाहिले होते, आमच्या दवाखान्यामागे मेलेल्या कुत्र्याच्या अंगात. कुचल्याचे विष. ओढ्याकाठच्या त्या सरळ चिरा मला आठवल्या. विष त्यांतच भरलेले असणार, आणि आम्ही निघाल्यावर ही उरलेले खायला परतली असणार.

"बिरूबा, ते मटण."

त्याने माझ्याकडे पाहिले. "शिजल्यावर जातंय की इख?"

"नाही जात."

पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. आम्ही पळत होतो. ऊन गेले, धुके पुन्हा उतरले. मी दोनदा पडलो, गुडघा फुटला. ती एकटी शीळ आमच्या मागोमाग येत होती. कधी जवळ, कधी लांब. उत्तर मात्र कुठूनच नाही.

अंगणात त्यांचा काळू कुत्रा पडला होता. पाय ताठ, दात उघडे. त्याला छाटलेले तुकडे टाकले असणार. बिरूबा तिथेच थांबला. त्याच्याने उंबरा ओलांडवेना, म्हणून मी आत गेलो.

ठकूबाई चुलीपुढे बसली होती. भगुल्यावर झाकण होते. सून कोपऱ्यात मुलाला घेऊन.

"आलासा? वाढू का?" ठकूबाईने विचारले.

"कुणी खाल्लं का?"

"पावणं जेवल्याबिगर आमी कसं जेवनार?"

मी भिंतीला टेकलो. मग सुचून विचारले, "चव पाहिली का?"

"मीठ बघाया बोटभर रस्सा चाटला. लई कडू लागला. आत्ताच की."

मिठाचे पाणी पाजून तिला ओकारी करवली. मग दिवा विझवला, सुनेला मुलासह शेजारच्या खोपटात पाठवले. अशा रोग्याला उजेड आणि आवाज सोसत नाही, एवढे मला ठाऊक होते. त्यापुढचे औषध माझ्याजवळ नव्हते. अंधारात आम्ही तिघे न बोलता बसून राहिलो. ठकूबाईच्या जबड्यावर माझी बोटे होती, तो आवळतो का हे पाहायला. बाहेर शीळ झाली. तिच्या खांद्याला झटका बसला, आणि बिरूबाने माझे मनगट धरले. पुन्हा शीळ झाली. यावेळी खांदा हलला नाही. ती नुसती दचकली होती की विषाने ओढली होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

पहाटे ती आपणहून उठली आणि म्हणाली, "भगुलं घासू का?"

"पुरून टाका," मी म्हणालो.

"माज्या लगनातलं हाय वो," असे म्हणून ती पहिल्यांदा रडली. मटणासकट ते भगुले आम्ही खोल पुरले, काळूला त्याच्या शेजारी. येताना वाटेत ओढ्याकाठचे उरलेले सांबरही दगडांखाली गाडले.

खालच्या वाडीत शिवा नावाच्या माणसाची म्हसरं (म्हशी) होती. कोळसुंद्यांवर त्याचा राग आहे हे ठाऊक असल्याने बिरूबा मला थेट त्याच्या दारात घेऊन गेला.

"माझं कुत्रं मेलं. बायकू वाचली," बिरूबा म्हणाला.

शिवा वैरण टाकत होता. त्याने हात थांबवले. "तीन रेडकं फाडली माझी त्यांनी. जित्ती असताना खाल्ली. मी वराडत हुतो आन् ती खात हुती." मग खाली बघून म्हणाला, "तुज्यासाटनं न्हवतं घातलं."

"आमी उचलतो, ठावं हुतं की तुला."

शिवाने पुन्हा वैरण उचलली. आतून त्याची बायको आली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेली बाटली होती, अर्धी पांढऱ्या भुकटीने भरलेली. मी दवाखान्यातला, हे तिने ऐकले असावे. "ह्ये घिऊन जावा," ती मला म्हणाली. "घरात पोरंबाळं हायती."

परतीच्या मोटारीत ती बाटली मी मांडीवर धरून बसलो. पंचगंगेच्या पुलावर आलो तेव्हा ती फेकावी म्हणून हात खिडकीबाहेर काढला. खाली बायका धुणी धूत होत्या, म्हशी डुंबत होत्या, पलीकडे कुणी ओंजळीने पाणी पीत होते. मी हात आत घेतला. पुढे उसाचे मळे लागले, विहिरी लागल्या. जिथे जिथे ओतावी म्हटले, तिथे कुणी ना कुणी तोंड लावणारे होतेच.

पुढच्या वर्षी बिरूबा बाजारात भेटला. ठकूबाई बरी आहे म्हणाला. कोळसुंद्यांविषयी मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

बाटली दवाखान्यातल्या कुलपाच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर आहे. किल्ली माझ्याजवळ असते. कुठे ओतावी, ते मला अजून सुचलेले नाही.