पुढचं ओळखणारी बाई

लोकांच्या घरात उद्या काय येणार, हे मुलुंडच्या जानकी देवस्थळीला आज दिसायचं. स्वतःच्या नवऱ्याचं मात्र तिला सगळ्यांत शेवटी कळलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तिचं काम पाहणीचं. दारोदार जायचं, बेल वाजवायची, "नमस्कार, पाच मिनिटं वेळ द्याल का?" म्हणायचं आणि कुठला साबण, कुठला चहा, घरात माणसं किती, असं विचारत फॉर्म भरायचा. अठ्ठावीस वर्षं तिने हेच केलं. घरच्यांना जे सांगत नाहीत ते लोक दारातल्या परक्या बाईला सांगतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. फॉर्मच्या शेवटी 'इतर शेरा' असा चौकोन असायचा. बाकीच्या बायका तिथे रेघ मारून मोकळ्या व्हायच्या. जानकी तिथेच रमायची. 'या बिल्डिंगमध्ये गिरणीवर दळण नेणारं आता कोणी दिसत नाही,' असं तिने लिहिलं, तेव्हा पिशवीतल्या पिठाच्या जाहिरातीही धड सुरू झाल्या नव्हत्या. 'फोनवर विणलेला रुमाल घातलाय, म्हणजे तो कोणी उचलत नाही,' हेही तिचंच. एकदा घाटकोपरहून येऊन तिने लिहिलं, 'नातवंडांची वाट बघून लोक कंटाळले, कुत्री पाळायला लागलेत.' ऑफिसात सगळे खो खो हसले. पुढच्याच वर्षी त्याच ऑफिसाने कुत्र्यांच्या खाऊची पाहणी काढली. जानकीला कोणी साधं शाब्बासही म्हटलं नाही.

गेल्या वर्षी भांडुपच्या एका घरात तिला शेगडीच्या वर चिठ्ठी चिकटवलेली दिसली : 'गॅस बंद केला का?' आठवड्याभरात तशी आणखी तीन घरं सापडली. नळावर, दारामागे, औषधांच्या डब्यावर चिठ्ठ्या. तिने शेरा लिहिला, 'म्हातारी माणसं विसरायला लागलीत आणि दिवसभर घरात एकटी असतात. त्यांना आठवण करून देणारं कोणीतरी लागणार.'

अंधेरीच्या ऑफिसातला तिचा साहेब देवव्रत, वयाने तिच्या मुलीहून लहान, खुर्चीतून उठलाच. "ताई, झकास पकडलंत! हेच पुढचं मार्केट आहे यार!"

त्याच डिसेंबरात थंडी पडली म्हणून नवऱ्याचा स्वेटर काढायला तिने त्यांचं कपाट उघडलं. श्यामकांत शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावरही आपले कपडे आपणच इस्त्री करून लावायचे, म्हणून ती त्या कपाटाला हात लावत नसे. दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. त्यांचं ते देखणं अक्षर. 'वीजबिल भरलं.' 'आपला मजला चौथा.' 'गार्गी – मुलगी. बंगळूरला असते. रविवारी फोन.'

जानकी पलंगावर बसली. हजारो घरं बघितलेल्या बाईला स्वतःच्या घरातलं एवढं दिसू नये, याची तिला इतकी लाज वाटली की रडूही येईना. मग उठून तिने सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. ती स्वतःचं नाव शोधत होती. ते कुठेच नव्हतं. म्हणजे मी अजून आठवते, मला चिठ्ठी लागत नाही, असं तिने मनाशी म्हटलं आणि त्या एवढ्याशा आधाराला धरून राहिली. लपवतायत तर लपवू देत, फक्त मला विसरू नयेत, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं. बीपी तपासायच्या निमित्ताने तिने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. हे हळूहळू वाढत जाणार, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं.

तिच्या शेऱ्यावरून ऑफिसच्या एका गिऱ्हाईक कंपनीने उन्हाळ्यापर्यंत यंत्र तयार केलंसुद्धा. 'औषध घ्या', 'गॅस बंद करा' असं मराठीत बोलणारी डबी. जानकीने माणूस मागितला होता, पण माणूस काही दुकानात ठेवता येत नाही. ती डबी आधी काही घरांत लावून बघायची ठरली, तेव्हा जानकीने पहिलं नाव स्वतःच्या घराचं दिलं. त्या घरांसाठीचा फॉर्म आता टॅबवर आला होता. त्यात शेऱ्याचा चौकोन नव्हता, नुसते आकडे आणि 'हो' किंवा 'नाही'.

एका शनिवारी बोरिवलीची घरं आटपून ती चार वाजता परतली. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला बॅग. श्यामकांतनी दार उघडलं.

"या ना. कुठल्या कंपनीकडून आलात तुम्ही?"

आधी तिला वाटलं, चेष्टा चाललीय. तशी त्यांना खोड होतीच. पण ते अदबीने बाजूला झाले, पंखा लावला, तिला पाणी आणून दिलं आणि समोर बसले. सदतीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला एकदाही 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

'अहो, मी जानकी' हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा तो पाहुण्यासाठीचा भाव बघून तिचा धीर झाला नाही. काय करावं ते सुचेना, तेव्हा तिने जे येत होतं तेच केलं. टॅब काढला.

"नमस्कार, पाच मिनिटं वेळ द्याल का?"

"देतो की. रिकामाच आहे मी."

"घरात माणसं किती?"

"दोघं. मी आणि माझी मिसेस."

"विसरायला होतं का?"

"होतं. फार होतं."

"दिवसातून किती वेळा?"

"ते तरी कसं लक्षात राहणार, बाई?" ते स्वतःच हसले. जानकीला टॅबवरची अक्षरं दिसेनाशी झाली. तिने पदराने डोळे पुसले आणि पुढचा प्रश्न वाचला.

"घरातल्या माणसांना याची कल्पना आहे का?"

श्यामकांत पुढे झुकले. आवाज खाली आणला. "नाही. आणि तुम्हीही तिला सांगू नका. फार हुशार आहे हो ती. जगाचं पुढचं तिला आधी कळतं. हे एवढं तरी उशिरा कळू दे. कळलं तर कामधाम सोडून माझ्याजवळ बसून राहील, आणि हसायची थांबेल."

जानकीने मान हलवली आणि 'नाही'वर बोट ठेवलं.