हरणाबाईचा झिरा

माण तालुक्यातल्या शाळेवर माझी नेमणूक झाली तेव्हा मी इंग्रजीचा मास्तर होतो आणि पाण्याच्या बाबतीत पुरता अडाणी. मी फलटणचा. घरामागून कालवा वाहायचा. पाण्याची वाट बघावी लागते, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. तीन दिवस टँकर आला नाही, तेव्हा दोन घागरी आणि दोन कळश्या घेऊन मी माणगंगेच्या कोरड्या पात्रात उतरलो. तिथं हरणाबाई वाळूत गुडघे टेकून दोन्ही हातांनी झिरा उकरत होती. मेंढरं राखणारी बाई, तेव्हा पन्नाशीची. कोपरापर्यंत हात आत गेल्यावर ओल लागली, मग वाटीभर पाणी साचलं. मागं तिची चाळीस मेंढरं ताटकळत उभी होती. मला बघून ती बाजूला सरकली आणि पाणी काढायची नरोटी माझ्या हातात दिली.

मी भांडी भरत बसलो. नरोटीभर काढलं की पुन्हा साचायची वाट बघायची. ऊन चढलं. ती काही बोलेना आणि मास्तरला गप्प बसवत नाही. वर्गात नुकताच ‘डेल्व्ह’ हा शब्द शिकवला होता, तो तिला समजावून सांगितला. इंग्रजांचा हा हजार वर्षांचा जुना शब्द. मूळ अर्थ अगदी साधा, जमीन खणणे. पुढं त्या कामाला ‘डिग’ रुळला आणि हा बिचारा पुस्तकात जाऊन बसला. आता कुणी जुनी कागदपत्रं धुंडाळली, एखाद्या विषयाच्या खोलात शिरलं, की त्याला डेल्व्ह म्हणतात.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी त्या शब्दाच्या हाताला आता माती लागत न्हाई," एवढंच म्हणाली.

चारही भांडी भरून मी ऐटीत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा धनाजी शाळेत आला. तो रागावला नव्हता, तेच जास्त लागलं. त्यानं सांगितलं की त्यांच्यात झिरा उकरणारा सगळ्यांच्या शेवटी पितो. आलेल्याला आधी द्यायचं, आणि आलेल्यानं एकच भांडं भरायचं. आई मला नाही म्हणू शकत नव्हती. मेंढरांची पाळी येईपर्यंत दिवस कलला. आदल्या दिवशी व्यालेली मेंढी तिथंच बसली, तिला दूधच आलं नाही, आणि कोकरू गेलं.

मी माफी मागायला गेलो तर हरणाबाईनं मलाच चहा पाजला. त्या चहाची मला अजून लाज वाटते. पुढं अकरा वर्षं तिच्या झिऱ्यावर मी एकच कळशी भरली. आज मी उकरतो म्हटलं की ती हसायची. माझी बोटं खडूची आहेत म्हणायची. ती वाळू, मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या, तिची ती चेष्टा, सगळ्याची फार आठवण येते.

आता माणमध्ये नळ आलेत. हरणाबाईची मेंढरं कधीच विकली. मीही निवृत्त होऊन फलटणला परतलोय. गेल्या महिन्यात धनाजीचा फोन आला. आई अंथरुणाला खिळली होती आणि दोन दिवस पाणी तोंडात घेत नव्हती. नळाचं नको, बाटलीचं नको, झिऱ्याचंच पाहिजे म्हणत होती. त्याची कंबर मोडलेली, त्याला वाकवत नव्हतं.

मी पहिली एसटी पकडली. पुलाखाली थोडी वाळू उरली होती, तिथं बसलो. साठी उलटलेल्या माणसानं वाळू उकरायची म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. दोन नखं तुटली. तासाभरानं तळाशी पाणी चमकलं आणि मला रडूच आलं. गाळून तांब्याभर घेऊन गेलो.

हरणाबाईनं डोळे उघडले. झिरा कुणी उकरला, हे तिनं आधी विचारलं. मी हात पुढं केले. तिनं माझी बोटं चाचपली, नखांत अडकलेली वाळू तिला लागली.

"मग आज तुमी शेवटी, मास्तर," ती म्हणाली.

आणि माझ्या देखत पहिल्यांदाच हरणाबाई सगळ्यांच्या आधी पाणी प्यायली. चार घोट घेतले. मग तांब्या धनाजीकडे गेला, आणि त्याच्याकडून माझ्याकडे आला. तळाशी घोटभर उरलं होतं, जरा गढूळ. मी ते प्यालो.