खाऱ्या पाण्यासाठी एक सुरी

चाचांच्या मुलीनं जेवताना हसत हसत सांगितलं की आठवड्यापूर्वी ती समुद्राखाली जाळ्यात अडकली होती.

ती मालवणकडं पर्यटकांना पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली नेते. कुणा मच्छीमाराचं तुटलेलं जाळं वाहत आलं आणि तिच्या टाकीच्या नळाला गुंतलं. पोटरीला बांधलेली सुरी तिनं ओढली, तर ती म्यानातून निघेना. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं. ते चार महिने सुरी खाऱ्या पाण्यानं ओली तशीच म्यानात राहिली आणि गंजून आतच बसली. शेवटी सोबतच्या माणसानं आपल्या सुरीनं जाळं कापलं.

"दोनच मिनिटं गं, अम्मी," ती म्हणाली. चाचींच्या हातातली भाकरी हातातच राहिली. चाचा अर्ध्या जेवणातून उठले आणि हात धुऊन आले.

"बाप सुऱ्या करतोय आन् पोरगी गंजकी सुरी घिऊन पाण्यात उतरतीय. लोकं शेण घालतील की तोंडात."

"अब्बा, टायटॅनियमची तयार मिळते. मागवते मी."

"तयार? मग आमी काय हितं भजी तळतोय व्हय?" आणि माझ्याकडं बोट करून म्हणाले, "ह्यो करंल. माझी नजर आता पात्यावर ठरत न्हाय."

चाचा म्हणजे माझे मालक. कोल्हापुरात गंगावेशीकडं त्यांचं सुऱ्या, विळ्या, कोयते करण्याचं दुकान आहे. नऊ वर्षं मी तिथं काम करतो आणि त्यांच्याच घरात जेवतो. एवढा विश्वास टाकला म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, पण भीतीच जास्त वाटली. मी चंद्रपूरकडचा. समुद्र मी आजवर पाहिलेला नाही. कोयता वाकला तर ऊसतोडीचा माणूस शिव्या देत दुसऱ्या दिवशी दुकानात येतो. ही सुरी फसली तर दुकानात कोण येणार?

ती आठ दिवस राहणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी लागलो. आमच्या धंद्यात स्टेनलेसची एक सोपी परीक्षा आहे. चुंबक लावायचं, नाही चिकटलं तर माल चांगला. दूध-डेअरीच्या टाक्या करणाऱ्याकडून उरलेली जाड पट्टी आणली. चुंबक तिला शिवलंसुद्धा नाही. पातं काढलं, धार लावली, आणि बादलीत मिठाचं पाणी करून आत टाकलं.

"मीठ ठेव की जरा घरात," चाची म्हणाल्या. "का भाजी बी बादलीतच बुडवून खायची?"

दुसऱ्या दिवशी पातं आरशासारखं निघालं. ताईनं, म्हणजे चाचांच्या मुलीनं, नायलॉनच्या जाळ्याचा एक तुकडा आणला होता, त्यावर चालवलं. चार-पाच धागे कापले आणि मग नुसतं घसरायला लागलं. चाचांनी अंगठा फिरवून बघितला.

"ही सुरी न्हाय, चमचा हाय."

तेव्हा कळलं की भांड्यासाठी जी परीक्षा खरी, ती पात्यासाठी उलटी आहे. ज्या स्टेनलेसला धार टिकते, त्याला चुंबक चिकटतं. मग तसली पट्टी आणली, भट्टीत लाल केली, कडक व्हायला पाणी दिलं. आम्ही बुडवतो तेलात, तरी म्हणतात पाणीच. एका बाजूला करवतीसारखे दाते पाडले. जाळं शेवयांसारखं तुटायला लागलं. बादलीत टाकलं, आणि सकाळी पात्याच्या एकाच अंगावर तपकिरी ठिपके उठलेले.

एकाच अंगावर का, हे कोडं दुपारपर्यंत सुटेना. माझी चिडचिड झाली. चहाच्या टपरीवाला मला नऊ वर्षांनंतरही पावणंच म्हणतो. त्यानं विचारलं, "काय पावणं, समुद्राची सुरी झाली न्हवं?" मी चहा अर्धाच ठेवून उठलो. परत येऊन ग्राइंडरसमोर बसलो आणि दगडाकडं लक्ष गेलं. उसाचा हंगाम तोंडावर, दिवसभर त्या दगडावर कोयते लागतात. साध्या लोखंडाची भुकटी दगडात भरलेली, आणि पात्याचं ते अंग मी त्याच दगडावर घासलं होतं. लोखंड पात्यात मीच पेरलं होतं.

नवा दगड चढवला आणि तिसरं पातं केलं. ते दोन दिवस बादलीत राहिलं, तरी ठिपका नाही. चाचांनी ते फडक्यात गुंडाळून टपरीवर नेलं, चार जणांना दाखवलं. "समुद्रात उतरणार ही," म्हणाले, "कोल्हापूरचं पाणी घिऊन." त्यांना इतकं खूश मी क्वचितच बघितलं होतं.

मला मात्र बसवेना. ताईला विचारलं, सुरी पाण्यात किती वेळ असते?

"दिवसाला चार-पाच खेपा. मधी बोटीवर ऊन, परत पाणी. का रे भावा?"

मी पातं दोन दिवस पाण्याखालीच ठेवलं होतं. वर काढून वाळवलं कधीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोयत्यांचं काम करता करता तेच केलं: बुडवायचं, उन्हात ठेवायचं, परत बुडवायचं. चार वाजता एका दात्याच्या मुळाशी बारीक तपकिरी रेघ दिसली. मी अंगठ्यानं पुसली, तर गेलीसुद्धा.

ती रेघ फक्त मला माहीत होती. मी तसाच पातं हातात धरून उभा राहिलो. आठवीत शाळा सोडून मी फाउंड्रीत कामाला म्हणून इकडं आलो होतो. भट्टीच्या धगीनं महिन्यात आजारी पडलो. खोलीवाल्यानं सामान बाहेर ठेवलं. ह्याच दुकानात धार लावायला आलेल्या गिऱ्हाइकांच्या बाकावर मी बसून होतो, तेव्हा चाचांनी काही न विचारता एक कात्री पुढं केली आणि म्हणाले, धर ही. रोज सकाळी मला मोठ्यानं पेपर वाचायला लावायचे. अडखळलो की म्हणायचे, परत वाच. आज हे लिहितोय ते त्या वाचण्यामुळं. त्या माणसाला आता सांगायचं, की तुमच्या दुकानातली सुरी तुमच्याच पोरीला देऊ नका?

चाचा मुठीसाठी लाकूड तासत होते.

"चाचा, मले वाटते, हे देऊ नये."

त्यांनी वर बघितलं. "मले? तू घाबरलास की चंद्रपूर बाहेर येतंय. काय झालं?"

मी सांगितलं. त्यांनी पातं डोळ्यांजवळ नेलं. "कुठं हाय? मला तर दिसंना."

"गंज पुसला मी. पण होता."

"पुसलास, आन् वर सांगतोस?"

मी पातं त्यांच्या हातातून परत घेतलं.

"गप बसला असतास तर मला कळलं नसतं."

"व्हय."

"तिला बी कळलं नसतं."

"पाण्यात कळलं असतं," मी म्हणालो.

तासत असलेलं लाकूड त्यांनी बाजूला ठेवलं. मग चाचांनी घराकडं तोंड करून हाक मारली. "ए पोरी, ती तुझी टायटॅनियम का फिटॅनियम, मागव ती!"

ती मोबाइल घेऊनच बाहेर आली. "तीन काढून ठेवल्यात, पहिल्याच दिवशी. म्हटलं तुम्ही दोघं थकला की विचारू." आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. "तूच निवड. एवढं मीठ वाया घालवलंयस."

मी तिन्ही फोटो मोठे करून बघितले. एकीचं टोक अणकुचीदार होतं. घाईत तेच स्वतःला किंवा हवेच्या नळीला लागायचं, म्हणून ती नको. दुसरीचं म्यान खालून बंद होतं, म्हणजे पाणी आतच साठणार. तिसरीचं टोक बोथट, एका अंगाला दाते, म्यानाला खाली भोक, आणि अंगठ्यानं दाबलं की सुटणारी. टायटॅनियम गंजत नाही, पण त्याची धार लवकर जाते, हेही मी सांगून टाकलं.

"मग यील की महिन्याला घरला," चाचा म्हणाले. "धार आमी लावू. नव्या दगडावर."

पार्सल यायला चार दिवस लागले. तिनं रजा दोन दिवस वाढवली. सुरी आल्यावर चाचांनी ती डोळे मिटून पंचवीसदा तरी म्यानातून काढली असेल. मी तिला सांगितलं, पोटरीला बांधू नको, छातीजवळच्या पट्ट्याला लाव, कुठलाही हात पोचला पाहिजे. आणि रोज गोड्या पाण्यानं धू. ती म्हणाली, "व्हय आज्जी."

आता ती शेवटची खेप संपवून बोटीवर आली की माझ्या मोबाइलवर एकच शब्द पाठवते: वर. चाचांना बारीक अक्षर दिसत नाही, मी मोठ्यानं वाचतो. मग ते परत कामाला लागतात.

आज साडेपाच वाजून गेले, शब्द आलेला नाही. शनिवार आहे, गर्दी असेल. चाचांनी दोनदा विचारलं. मी म्हणालो, रेंज नसेल. त्यांनी ग्राइंडर बंद केलाय आणि मी पहिल्या दिवशी बसलो होतो त्याच बाकावर येऊन बसलेत.