गिरधरनानांच्या फुलांची चोरी

धुळ्याच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून १९५३ साली गिरधरनाना निवृत्त झाले आणि त्यांचा हुकूम ऐकायला बायको सुनंदाबाईंखेरीज कुणी उरलं नाही. मग त्यांनी पुण्याच्या एका माळ्याकडून पिवळ्या फुलांचं विलायती झुडूप आणवलं. फुलं शेवंतीसारखी, पण पानं कधी झडत नाहीत आणि बहर बारमाही. काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून नानांनी खड्ड्यात पांझरा नदीची वाळू भरली. म्हणजे सुनंदाबाईंकडून भरून घेतली. उन्हाळ्यात झुडपावर गोणपाटाचा मांडव आला. त्यावर भर दुपारी पाणी शिंपडायचं कामही सुनंदाबाईंचंच. नाना ओसरीवरून देखरेख करत.

दुसऱ्या वर्षी झुडूप छातीइतकं वाढलं, फुलांनी भरून गेलं. नाना पहाटेच काठी घेऊन फाटकाशी बसू लागले. गल्लीतल्या बायका परडी घेऊन निघत, कुणाच्याही कुंपणावरची जास्वंद, कण्हेर बिनदिक्कत तोडत आणि नानांच्या झुडपाकडे न बघता पुढे जात. महिना गेला, एक फूल हललं नाही. हे नानांना फार लागलं.

एका सकाळी त्यांनी गल्ली गोळा केली. झुडपाची एक बाजू ओरबाडलेली होती.

"अशी फुलं जिल्ह्यात कुणाकडे नाहीत. चोर येणारच," नाना म्हणाले. चेहरा मात्र मुलीचं लग्न ठरल्यासारखा खुलला होता. संशय त्यांनी शेजारच्या भिकुबाईवर घेतला, कारण सगळ्यात मोठी परडी तिची.

भिकुबाई शांतपणे म्हणाली, "नाना, तुमना फुलेसले वास नही, देवले चालत नही, बकरी बी तोंड लावत नही. चोरीसन मी काय करू?"

लोक हसले. नानांनी पोलिसांत जायची भाषा काढली. तेवढ्यात सुनंदाबाई धुवायला काढलेला नवऱ्याचा काळा कोट घेऊन बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर त्याचा खिसा उलटा केला. पिवळी फुलं अंगणात पडली.

"पोलिसांत जाताना हाही न्या," त्या म्हणाल्या. "आणि आजपासून पाणी तुम्ही घाला."

नाना दुपारी जेवले नाहीत. कुणी आग्रह केला नाही, म्हणून संध्याकाळी जेवले.

पावसाळ्यात त्यांनी झुडपाच्या फांद्या कापून रोपं केली आणि घरोघर फुकट देत फिरले. कुणी घेईना. भिकुबाईनं तेवढं एक घेतलं. "लावी द्या तठे, उकिरडाजोडे," ती म्हणाली. नानांनी ते स्वतः उकिरड्याजवळ लावलं. आता रोज सकाळी नाना ते रोप बघायला जातात, आणि भिकुबाई त्यांच्याकडून म्हशीचं पाणीही भरून घेते.