झिंकचा एक हात

माझा दादा बोया रंगवतो. बोया म्हणजे जहाजांना वाट दाखवायला समुद्रात नांगरून ठेवलेलं लोखंडी तरंगतं पिंप, चांगलं माणसापेक्षा उंच. दादा आणि आणखी दोघं रोज सकाळी लाँचने जातात, एकेका बोयावर चढतात, शेवाळ खरवडतात, गंज घासून काढतात, त्यावर झिंकचा प्रायमर देतात आणि मग लाल नाहीतर हिरवा रंग. सत्तावीस वर्षं हेच चाललंय. बोयाकडे नुसतं बघून तो सांगतो, "याला पहिला हात पातळ पडलाय, दोन वर्षांत रंग फुगणार." आणि फुगतो. लोखंडाच्या बाबतीत त्याचं चुकलेलं मला आठवत नाही.

स्वतःच्या कातडीचं मात्र विचारू नका.

मी खालच्या मजल्यावर राहते, तो वरच्या. माझ्या पुढच्या खोलीत शिवणयंत्र आहे. लाँचवरची छतं, ताडपत्र्या, दर्यावर काम करणाऱ्यांच्या टोप्या, असलं जाडंभरडं मी शिवते. माझं लग्न झालं नाही, त्याची कारणं इथे नकोत. वहिनीला जाऊन आठ वर्षं झाली. तेव्हापासून दादा जेवायला माझ्याकडे येतो आणि जेवणाबरोबर माझी बोलणीही खातो.

त्या दिवशी चारच्या सुमाराला तो कामावरून आला आणि खिडकीपाशी चहा घेत बसला. मी कापडावर खडूने रेघ मारत होते. बघते तर याची करंगळी उजव्या कानाच्या वरच्या कडेवर चाललेली. खर्र, खर्र.

"काय करतोस रे?"

"खपली आहे. काढतोय."

"तो काय बोया आहे का, खरवडायला?"

"काढली की परत येते," तो म्हणाला, म्हणजे जणू काही कानाचीच चूक.

मी उठून जवळ गेले. डाळीच्या दाण्याएवढा खरखरीत डाग, कडेला लाल, मध्ये ओलसर. "किती दिवस झाले याला?"

"दिवस?" तो विचारात पडला. "वर्ष झालं असेल."

"एक?"

"दोन. बरं, तीन धर."

मला इतका संताप आला ना, की हातातला खडू मोडला. तीन वर्षं हा माणूस रोज माझ्यासमोर बसून जेवतोय! त्याने कानामागे टाकलं ते टाकलं, मीही कानाडोळा केला. मी तिथल्या तिथे दवाखान्यात फोन लावला.

आता जे सांगते ते मला स्वतःलाच अजून धड उलगडलेलं नाही. समोर एक बाई ताडपत्री घ्यायला आलेली, तिची बडबड चालू. फोनवर दवाखान्यातली नर्स भराभरा बोलत होती. डॉक्टरीणबाईंची वेळ दहा दिवसांनंतरची मिळाली. आणि तोवर, नर्स म्हणाली, उन्हात जाताना झिंक लावायला सांगा, जाड थर द्यायचा, आणि कान झाकून ठेवायचा. मी हो हो म्हटलं, फोन ठेवला आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडले, कारण दादा एव्हाना वर गेला होता.

"दादा! दहा दिवसांनी बोलावलंय! तोवर कानाला झिंक लाव म्हणाली! जाड थर!"

"झिंक?"

"हो, झिंक!"

"कानाला?"

"नाही, माझ्या कपाळाला!"

झालं. दुसऱ्या दिवशी तो घरी आला तो उजवा कान राखाडी करून. वरपासून पाळीपर्यंत एकसारखा, गुळगुळीत, ब्रशची एक रेघ दिसेल तर शपथ. डबा त्याच्या हाताखालचाच होता, वीस लिटरचा.

मला खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला तरी काय माहीत, झिंकचं मलम असतं म्हणून? मी वास घेतला. "अरे, रंगाचा वास येतोय याला."

"झिंक आहे तर झिंकचाच वास येणार."

"आग होतेय का?"

"पहिल्या हाताला झाली. दुसऱ्याला एवढी नाही."

"दोन हात दिलेस?"

"तूच म्हणालीस ना, जाड थर. पहिला सुकला, मग दुसरा दिला. लोखंडाला चालतं, म्हणजे कानाला नाही का चालणार?"

बोलणं सरळ होतं आणि तरी कुठेतरी वाकडं होतं. ते कुठे वाकडं आहे हेच मला सापडेना. लोखंड ऊन-पाण्यात टिकतं ते झिंकमुळे. नर्सने झिंकच सांगितलं. मग राहिलं काय? मी म्हटलं असेल बाबा, हल्ली काय काय निघालंय. लाँच चालवणारा पोटभर हसला म्हणे, आणि विचारलं, "आता वरून लाल देणार की हिरवा?"

चौथ्या दिवशी कान सुजून पुरीसारखा टम्म. दादाने मला न विचारता थिनर लावून रंग काढायला घेतला आणि मग मात्र तो ओरडला. सत्तावीस वर्षांत पत्र्याने हात कापला, बोट चेमटलं, कधी हूं की चूं केलं नव्हतं. मी शिवण तशीच सोडली आणि त्याला धरून दवाखान्यात नेलं. वेळबीळ गेली खड्ड्यात.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून बघितलं, मग भिंग काढून बघितलं. "हे काय आहे?"

"प्रायमर," दादा म्हणाला. "चांगल्यातला."

"कुणी सांगितलं लावायला?"

दादाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी नर्सकडे दाखवलं. नर्स म्हणाली, "मी झिंकचं मलम म्हटलं होतं." ती मलम म्हणाली होती का? मी किती वेळा ते बोलणं आठवून बघितलंय. कधी वाटतं म्हणाली, कधी वाटतं नाही म्हणाली, आणि कधी वाटतं ती म्हणाली आणि त्याच वेळी ताडपत्रीवाली काहीतरी बोलली. देवाशपथ, मला सांगता येत नाही.

बाईंनी तेलाचे बोळे लावून लावून उरलासुरला रंग काढला. म्हणाल्या, डागाचा तुकडा तपासायला पाठवायचा आहे, पण कातडी इतकी भाजलीय की आत्ता हात लावता येत नाही. दोन आठवड्यांनी या. आणि मग आवाज उतरवून मला म्हणाल्या, "डाग मला बरा वाटत नाही. कॅन्सर असू शकतो."

माझ्या एका अर्धवट निरोपाने दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांत ते आत पसरलं तर? रात्रंदिवस डोक्यात तेवढंच. दादाला मी हे बोलले नाही. तो बिचारा मलमाच्या बाटलीत अडकला होता.

त्याचं असं झालं की बाईंनी कागदावर लिहून दिलं होतं, चेहऱ्याला आणि चांगल्या कानाला लावायचं मलम, पन्नास नंबर. दुकानात दादा अडूनच बसला. "पन्नास नको. पन्नास म्हणजे जाडाभरडा. तोंड सोलून निघेल. दोनशेचा दाखवा." तो घासायच्या पॉलिश पेपरचा हिशोब लावत होता. मी म्हटलं, अरे हे दोऱ्यासारखं असेल, पन्नास म्हणजे बारीक. दुकानदार दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. शेवटी त्याने सांगितलं की नंबर जितका मोठा तितकं ऊन जास्त अडतं, आणि दर दोन तासांनी परत लावायचं.

"दोन तासांनी?" दादाला ते लागलंच. "बोया पाच वर्षं टिकतो आणि मी दोन तास?"

घरी आल्यावर नवेच प्रश्न. ढग असले तरी लावायचं म्हणे. मग मी विचारलं, ढग आहेत तर ऊन कुठंय? हनुवटीच्या खाली पण लावायचं, कारण पाण्यावरून ऊन उलटं वर येतं. म्हणजे ऊन वरूनही येतं आणि खालूनही येतं, आणि दिसत नसलं तरी येतं. माझं डोकं भंजाळून गेलं. आणि एवढं सगळीकडून येतं तर डाग एकाच कानाला का? मी म्हटलं, तू फोन उजव्या कानाला लावतोस म्हणून. दादा म्हणाला, नाही, मी त्या कुशीवर झोपतो म्हणून.

ते कोडं त्यानेच सोडवलं, टेबलावर माझी कात्री ठेवून. "ही लाँच. सकाळी आम्ही उत्तरेला जातो. सूर्य पूर्वेला. कुठला कान उन्हात?" मी खोलीच्या मध्ये उत्तरेकडे तोंड करून उभी राहिले. उजवा. "दुपारी दक्षिणेकडे परत येतो. सूर्य पश्चिमेला." मी वळले. पुन्हा उजवा! माझा विश्वासच बसेना. दोनदा वळून बघितलं. दारात उभ्या गिऱ्हाइकाला वाटलं असेल, बाईला चक्कर येतेय.

दोन आठवड्यांनी तुकडा काढला, आणखी आठ दिवसांनी निकाल आला. कॅन्सरच होता. कानाचा वरचा भाग कापावा लागला, बोटाच्या पेराएवढा. कडेपर्यंत सगळं निघालं, मागे काही राहिलं नाही, मानेतही गाठ नाही, असं बाईंनी सांगितलं तेव्हा मी तिथेच स्टुलावर बसून रडले. आणि इतके दिवस गिळलेलं विचारून टाकलं. "बाई, माझ्यामुळे जे दोन आठवडे गेले, त्याने वाढलं का हो?"

"दोन आठवड्यांनी काही बिघडलं नाही," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांनी बिघडलं. सुरुवातीला आला असतात तर कापायचीही वेळ आली नसती." मग दादाला विचारलं, "अगदी पहिल्यांदा काय जाणवलं होतं?"

दादाने आठवून सांगितलं, "टोपी टोचायची तिथे."

मी घरी आले आणि मापांची वही काढली. मी प्रत्येकाचं माप लिहून ठेवते, दादाचंही. दर वर्षी त्याला नवी टोपी लागते, कारण दर्यावर कापड विरतं. पूर्वी त्या टोपीला दोन्ही कानांवरून मानेपर्यंत उतरणारा पडदा असायचा. तीन वर्षांपूर्वीच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: दादा. उजवीकडे पडदा टोचतो. कापणे.

आणि मी कापला होता. एका बाजूचा कापला तर बरा दिसेना म्हणून दुसऱ्या बाजूचाही कापला. त्यानंतरच्या तिन्ही टोप्या तशाच, बिनपडद्याच्या. इकडे मी दोन आठवड्यांसाठी जीव जाळत होते, आणि तीन वर्षं त्या दुखऱ्या कानावर ऊन मीच सोडलं होतं.

दादा खाली आला तेव्हा वही उघडीच होती. त्याने वाचलं. मला वाटलं आता हा काहीतरी थट्टा करेल आणि मी त्याला मारेन.

"टोचतंय हे मीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "का टोचतंय, ते तू विचारलं नाहीस आणि मीही नाही." मग खुर्ची ओढून माझ्याकडे पाठ करून बसला. "घे माप. सोमवारपासून जायचंय."

मी टेप घेतली. कपाळावरून मागे, कानांच्या वरून. इतकी वर्षं याच वाटेने नेली होती. डावीकडे टेप कानावर टेकली. उजवीकडे टेकायला कानाची वरची कडच नव्हती, ती घसरून खाली आली. माझा हात थांबला.

"नीट बघून घे," दादा म्हणाला.

मी बघितलं. टाक्यांच्या खुणा, गुलाबी नवी कातडी, त्यामागे मान, मानेवरचा प्रत्येक तीळ. केस बाजूला करकरून बघितलं. तो लहान पोरासारखा डोकं वाकवून बसला होता. सगळं बघून झाल्यावर मी मलम घेतलं आणि दोन्ही कानांना, जेवढे होते तेवढ्यांना, चोळलं.

"किती हात देतेस?"

"एकच. दोन तासांनी लाँचवाल्याकडून दुसरा घे. आणि त्या दोघांनाही माप द्यायला पाठव. बिनपडद्याच्या टोप्या त्यांनाही मीच दिल्यात."

तो गेल्यावर मी वही पुढे ओढली. कापणे या शब्दावर काट मारली आणि खाली लिहिलं: दोन्हीकडे पडदा. टोचला, तर आधी कान बघणे.